जुन्या गाडीसाठी ॲल्युमिनियमचा भाग घडवून घेताना

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आणि लॅम्ब्रेटा किंवा विलीज जीपची गोष्ट त्याहूनही जुनी आहे. तरीही या गाड्यांचे ब्रेकचे रबर, क्लच प्लेट, बेअरिंग असे नेहमी लागणारे सुटे भाग कुठे ना कुठे मिळतात, कारण त्यांना सतत गिऱ्हाईक असते. खरी अडचण येते ती ॲल्युमिनियमच्या लहानसहान भागांची. थर्मोस्टॅटचे (पाणी तापल्यावर त्याची वाट उघडणाऱ्या झडपेचे) झाकण, रेडिएटरच्या होजला जोडणारे पाण्याचे तोंड, कार्ब्युरेटरखालची प्लेट, डायनॅमोचा ब्रॅकेट, मीटरभोवतीची कडी हे भाग सहसा बदलावे लागत नाहीत, म्हणून दुकानदार ते साठवून ठेवत नाहीत, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी ते सगळ्यांचेच एकाच सुमारास खराब होतात.

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्याला या बाबतीत एक सोय आहे, ती म्हणजे लेथ आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग) मशीन घरापासून फार दूर नसते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची, आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक आहे. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूने दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा औद्योगिक पट्टा पसरलेला आहे. तेथील गाळ्यांमध्ये रोज शेकडो नगांची कामे चालतात, पण एकच नग घेऊन आलेल्या हौशी माणसाशी काय बोलावे हे त्या गाळेवाल्यांना बहुधा ठाऊक नसते, आणि त्यांच्याशी काय बोलावे हे त्या माणसालाही ठाऊक नसते. हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. उदाहरण म्हणून मी माझ्या १९७६ च्या पद्मिनीवरील पाण्याचे तोंड घेतो, कारण ते मला दोनदा बनवून घ्यावे लागले आणि पहिल्या वेळची चूक पूर्णपणे माझी होती.

ती चूक टाळणारा नियम असा की, खराब झालेल्या भागाची नक्कल करू नये, तो भाग ज्या जागी बसतो ती जागा मोजावी. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर या नियमाशी गाठ पडते.

बनवून घेणे खरोखर गरजेचे आहे का

नवा भाग घडवण्याआधी जुना वाचतो का, ते पाहावे. ॲल्युमिनियमवर लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण पांढरी भुकटी धरते, खड्डे पडतात, आणि कडा इतक्या पातळ होतात की नखाने दाबल्या तरी तुटतात. भागाचा मुख्य देह शाबूत असेल आणि फक्त तोंडाची कडा किंवा एखादा कान गेला असेल, तर आर्गॉन वेल्डिंगने भर टाकून तो पृष्ठभाग पुन्हा सपाट करून घेता येतो. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ‘आर्गॉन मारून द्या’ एवढे म्हटले तरी पुरते. मात्र अनेक वर्षे तेल प्यायलेले ओतीव काम वेल्डिंगच्या वेळी फसफसते आणि त्यात छिद्रे राहतात, त्यामुळे आधी ते रॉकेलमध्ये किंवा डीग्रीझरमध्ये नीट धुऊन, सुकवून न्यावे. सगळीकडूनच खड्डे पडले असतील, तर नवाच भाग घ्यावा.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे, आणि त्यावर माझे मत ठाम आहे. स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनचे भार वाहणारे भाग नवख्याने ॲल्युमिनियममध्ये घडवून घेऊ नयेत. पोलादावरचा वारंवार येणारा ताण एका मर्यादेखाली राहिला, तर ते सहसा थकून तुटत नाही, पण ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. लहान ताणही पुरेशा वेळा येत राहिला, की केव्हा तरी तडा जातोच. मूळ भाग घडाई करून बनवलेला असेल आणि त्याच्या जागी तुम्ही ठोकळ्यातून कापलेला भाग लावला, तर तो दिसायला अधिक देखणा असू शकेल, पण तेवढ्यावरून तो अधिक भक्कम ठरत नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर आणखी एक मुद्दा आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. पाण्याचे तोंड किंवा ब्रॅकेट यांनी त्यात बाधा येत नाही, तरीही नव्या भागाचा बाह्य आकार मूळ भागासारखा ठेवणे आणि जुना भाग जपून ठेवणे शहाणपणाचे असते.

मोजमाप: सर्वात जास्त वेळ इथे द्यावा

लागणारी हत्यारे फार नाहीत. ०.०२ मिलिमीटर मोजणारा चांगला व्हर्नियर, आट्यांचा पिच गेज, फीलर गेज (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्या), एक सरळ पट्टी आणि जाड काचेचा तुकडा एवढ्यावर बहुतेक कामे होतात. बेअरिंग बसणारे भोक मात्र व्हर्नियरने मोजू नये, त्यासाठी बोअर गेज लागतो. तो आपल्याकडे नसेल, तर ते माप गाळ्यातच घेऊन मागावे.

आता माझी चूक सांगतो. पाण्याच्या तोंडाचा फ्लँज, म्हणजे भोके असलेली सपाट कड, दोन बोल्टांनी सिलिंडर हेडवर बसतो. मी जुना फ्लँज काढला, त्यावरच्या दोन भोकांमधले अंतर मोजले, तेच कागदावर उतरवले, आणि गाळ्यातून आलेला नवा भाग बोल्टवर उतरेचना. पूर्वी कधीतरी कुणीतरी एका भोकाला आतून कानस मारून ते लांबट केले होते, आणि मी त्या कानशीचेच माप घेतले होते. शिवाय वर्षानुवर्षे आवळून आवळून फ्लँज मधोमध वाकला होता. तो काचेवर ठेवून खाली फीलर गेज सरकवला असता, तर पाच मिनिटांत कळले असते. गाळ्याने मी दिलेल्या कागदाप्रमाणेच काम केले होते, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती.

म्हणून मोजणी गाडीवर करावी. हेडमधल्या दोन्ही भोकांत स्टड घट्ट बसवून त्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यावे, आणि त्यातून एका स्टडचा व्यास वजा केला की दोन केंद्रांमधले अंतर मिळते. दोन्ही स्टड सारख्याच जाडीचे असले पाहिजेत, हे सांगायला नको. गॅस्केटच्या जागेचा आकार हवा असेल, तर तेथे पातळ कागद धरून वरून पेन्सिलचे शिसे आडवे घासावे, म्हणजे भोकांच्या आणि पाण्याच्या वाटेच्या कडा ठशासारख्या उमटतात. लहान मुले नाण्यावर कागद ठेवून घासतात, तीच ही रीत आहे. या ठशावरून आकार मिळतो, मापे मात्र व्हर्नियरचीच धरावीत.

त्या जागी बसणाऱ्या इतर वस्तूही समोर ठेवाव्यात. तोंडाखाली थर्मोस्टॅट असतो आणि त्याची कडा एका उथळ खाचेत बसते. खाच कमी खोल राहिली, तर फ्लँज थर्मोस्टॅटवर टेकून डुगडुगतो आणि पाणी गळते. ती जास्त खोल झाली, तर थर्मोस्टॅट आत हलतो आणि पाणी त्याला वळसा घालून जाते. तेव्हा आज बाजारात जो थर्मोस्टॅट मिळतो, तो विकत आणून त्याच्या कडेची जाडी आणि व्यास मोजावा, कारण १९७६ मध्ये बसवलेला थर्मोस्टॅट आता कुणालाच मिळणार नाही. होजचेही तसेच आहे. जो होज प्रत्यक्ष लावायचा आहे, त्याच्या आतल्या व्यासाशी तोंडाचा बाहेरचा व्यास जुळवावा, आणि टोकाजवळ होज निसटू नये म्हणून मूळ भागाला असतो तसा गोल उंचवटा ठेवायला विसरू नये.

आट्यांच्या बाबतीत घाई सर्वात महाग पडते. भारतात धावलेल्या जुन्या गाड्या तीन वेगवेगळ्या घराण्यांच्या आहेत. फियाटच्या वंशातली पद्मिनी आणि जावाच्या वंशातली येझदी या मेट्रिक गाड्या, जुन्या बुलेटवर ब्रिटिश आटे, आणि विलीज जीपवर अमेरिकी आटे. एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या मेट्रिक बोल्टच्या, नेहमीच्या आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मिलिमीटर असतो. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा असल्याने नुसत्या डोळ्यांना तो एम ८ सारखाच दिसतो, पण व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश जाड, किंवा अमेरिकी जाड आट्यांमध्ये त्याला इंचाला १८ आटे, ब्रिटिश बारीक आट्यांमध्ये २२ आणि अमेरिकी बारीक आट्यांमध्ये २४ आटे असतात. चुकीचा बोल्ट एक-दोन फेऱ्या सहज जातो आणि मग ॲल्युमिनियमचे आटे खाऊन बसतो. गाडी मेट्रिक आहे म्हणून बोल्टही मेट्रिकच असेल, यावर विसंबू नये, कारण पन्नास वर्षांत किती मेकॅनिकांनी हाताला लागेल तो टॅप फिरवला असेल, याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

इंजिनाशी संबंधित भाग असेल, तर उष्णतेने होणारी वाढ ध्यानात घ्यावी. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन (०.०२३ मिलिमीटर) वाढते, ओतीव लोखंड सुमारे ११. म्हणजे १०० मिलिमीटर लांबीचा भाग ८० अंशांनी तापला, तर ॲल्युमिनियम ०.१८ मिलिमीटर वाढेल आणि लोखंड जेमतेम ०.०९. लोखंडी ब्लॉकवर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भागाची भोके म्हणूनच बोल्टाला अगदी चिकटून ठेवत नाहीत. एम ८ साठी ९ मिलिमीटरचे भोक हे नेहमीचे माप आहे.

कागदावरचे चित्र

गाळ्यात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘साहेब, ड्रॉइंग आहे का?’ जुना भाग पुढे करून ‘असाच हवा’ म्हणणे म्हणजे मोजण्याची आणि ठरवण्याची जबाबदारी मशीनवरच्या ऑपरेटरवर टाकणे होय. त्याने आपली गाडी पाहिलेली नसते, त्यामुळे भागाचा कुठला पृष्ठभाग महत्त्वाचा आणि कुठला नुसता हवेत राहणारा, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

ड्रॉइंग संगणकावर केलेलेच असावे असे नाही, आलेख कागदावर पट्टीने काढलेले स्वच्छ चित्रही चालते. मात्र सगळी मापे एकाच आधार-पृष्ठापासून दिलेली असावीत. आपल्या उदाहरणात हेडवर टेकणारा फ्लँजचा तळ हा तो आधार होय. सर्वसाधारण मापांसाठी ‘आयएसओ २७६८ मध्यम’ (मापांतली सूट ठरवणारे आंतरराष्ट्रीय मानक) असे एका ओळीत लिहिले की पुरते. त्यानुसार ६ ते ३० मिलिमीटरच्या मापाला अधिक-उणे ०.२ आणि ३० ते १२० च्या मापाला अधिक-उणे ०.३ मिलिमीटर सूट मिळते. जिथे खरोखर काटेकोरपणा हवा, तिथेच वेगळी सूट लिहावी, उदाहरणार्थ थर्मोस्टॅटची खाच किंवा बेअरिंगचे घर. नवखे लोक सगळ्याच मापांपुढे ०.०१ लिहितात आणि मग आलेला दर पाहून दचकतात. बाहेरची कड ०.२ ने कमी-जास्त झाली, तर गाडीला त्याचे काहीच नसते.

भारतात ड्रॉइंगची रीत पहिल्या कोनाच्या प्रक्षेपाची आहे, म्हणजे डावीकडून दिसणारे दृश्य उजवीकडे काढतात; अमेरिकेत ती तिसऱ्या कोनाची, म्हणजे डावे दृश्य डावीकडेच. जीपसारख्या गाडीचे जुने अमेरिकी चित्र हाती लागले आणि ते तसेच गाळ्यात दिले, तर डावी बाजू उजवीकडे जाऊन आरशातल्या प्रतिमेसारखा भाग तयार होऊ शकतो. चित्रावर प्रक्षेपाचे चिन्ह आहे का ते पाहावे आणि मापे इंचात असतील, तर प्रत्येक माप २५.४ ने गुणून मिलिमीटरमध्ये नव्याने लिहावे.

मशीनला काय जमते, त्याचीही थोडी जाण असावी. फिरणारे कटर आतल्या कोपऱ्यात काटकोन सोडू शकत नाही, तिथे कटरच्या त्रिज्येएवढी गोलाई राहतेच, म्हणून चित्रात कोपऱ्यांना ती आपणच द्यावी. खोल आणि अरुंद खाचेसाठी लांब, बारीक कटर लागते. ते थरथरते, आणि काम संथ होते. पाण्याच्या तोंडाची आतली वाट मूळ ओतीव भागात सुबक वळण घेते, पण ठोकळ्यातून कापताना तसे वळण काढता येत नाही, दोन बाजूंनी दोन सरळ भोके मारून ती आत एकमेकांना मिळवावी लागतात. पाणी त्यातूनही व्यवस्थित वाहते. मिलनाच्या जागेची धारदार कड मात्र हाताने मारून घ्यायला सांगावे. मूळ वळण हवेच असा आग्रह असेल, तर लाकडी फर्मा करून वाळूच्या साच्यात ओतकाम करून घेणे आणि फक्त बसणारे पृष्ठभाग मशीनवर काढणे हा मार्ग आहे. त्यात ॲल्युमिनियम थंड होताना आकसत असल्याने फर्मा सुमारे १.३ टक्के मोठा ठेवतात. एका नगासाठी हा खटाटोप मला परवडणारा वाटत नाही, पण चार-पाच पद्मिनीवाले एकत्र आले, तर त्याचा विचार जरूर करावा.

अलीकडे थ्रीडी स्कॅन करून देणारे पुष्कळ आहेत. स्कॅनमधून मिळते ती लहान त्रिकोणांची जाळी असते, आणि त्या जाळीत जुन्या भागाचा वाकडेपणा, खड्डे आणि कानशीच्या खुणाही इमानाने उतरतात. स्कॅन नुसता आधार म्हणून घ्यावा, त्यावरून मापे नीट ठरवून ठोस मॉडेल तयार करावे, आणि गाळ्याला ‘स्टेप’ प्रकारची (ठोस आकार साठवणारी) फाइल सोबत मापे लिहिलेल्या चित्रासह द्यावी. धातू कापण्याआधी त्या मॉडेलचा प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंट काढून गाडीवर बसवून पाहणे हा सर्वात स्वस्त विमा आहे. त्या प्रिंटवर इंजिन सुरू करू नये, कारण नेहमीचे पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते.

धातू कुठला

‘चांगले ॲल्युमिनियम’ नावाचा धातू नसतो. मुंबईच्या बाजारात अजूनही जुनी ब्रिटिश नावे रुळलेली आहेत. एचई ३० म्हणजे ढोबळमानाने आजचे ६०८२, आणि एचई ९ म्हणजे ६०६३. खिडक्यांच्या चौकटींना वापरतात ते ६०६३ मऊ असते आणि मशीनवर चिकटते. आपल्या कामासाठी ६०८२ किंवा ६०६१, दोन्ही टी ६ (उष्णतेने कठीण केलेल्या) अवस्थेतले, मागावे. ही दोन्ही स्वच्छ कापली जातात, गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि ॲनोडायझिंगही (पृष्ठभागावरचा टिकाऊ ऑक्साइडचा थर) चांगले घेतात. ७०७५ खूप ताकदवान आहे आणि त्याचे नाव ऐकून अनेकांना मोह पडतो, पण ते गंजाला कमी टिकते, नेहमीच्या पद्धतीने वेल्ड होत नाही आणि पाण्याच्या संपर्कातल्या भागाला त्या ताकदीचा उपयोगही नाही. ओतकामासाठी फाउंड्रीत एलएम ६ आणि एलएम २५ ही नावे ऐकू येतील, त्यांपैकी यांत्रिक भार येणाऱ्या भागाला एलएम २५ बरे.

वजनाचा हिशेब स्वतः करून जावे. ॲल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. १०० × ८० × ६० मिलिमीटरचा ठोकळा ४८० घन सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे १.३ किलोचा भरतो. लहान तुकडा विकत घेताना कापण्याची मजुरी आणि करवतीत जाणारा धातू धरूनच भाव सांगितला जातो. धातूसाठी गुलालवाडी-किका स्ट्रीटचा परिसर जुना आणि माहितीचा आहे. कळंबोलीचा बाजार जवळ असला, तरी तेथील मुख्य व्यवहार पोलादाचा आहे. बहुतेक वेळा गाळेवाल्याकडेच दुसऱ्या कामातून उरलेला तुकडा असतो. तो घ्यायला हरकत नाही, पण तो कशाचा आहे हे विचारावे आणि शक्य असेल, तर त्या मालाचा टीसी, म्हणजे तपासणीचा दाखला, पाहावा. ‘एचई ३० च आहे साहेब’ या वाक्यावर शोभेच्या कडीसाठी विश्वास ठेवता येतो, इंजिनच्या ब्रॅकेटसाठी नाही.

गाळ्यात

रबाळे, घणसोली आणि कोपरखैरणे ही ठाणे-वाशी रेल्वेमार्गावरची स्थानके या पट्ट्याच्या जवळ आहेत, आणि वागळे इस्टेटला ठाणे स्थानकातून रिक्षा मिळते. निघण्याआधी फोन करावा आणि साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी असते ते विचारावे, कारण औद्योगिक वसाहतीत ती रविवारीच असेल असे नाही. दुपारच्या जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी पाळी बदलताना जाऊ नये.

कुठल्या गाळ्यात जायचे, हे कामावरून ठरते. कडी, बुश, गोल झाकण असा नुसता गोल भाग असेल, तर साध्या लेथवरचा अनुभवी टर्नर तो स्वस्तात आणि झटपट करून देतो, त्यासाठी सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, मागे लागण्याची गरज नाही. फ्लँज, खाच, तिरकी भोके असतील तर व्हीएमसी लागते. मोठ्या कंपन्यांना हजारो नग पुरवणाऱ्या गाळ्यात आपले एक नग बहुधा मशीन रिकामे होण्याची वाट पाहत पडून राहते, त्यापेक्षा टूलरूमचे, म्हणजे डाय आणि फिक्स्चरचे, काम करणारा लहान गाळा बरा, कारण तिथे रोज एकेकच नग होतो.

दर कसा ठरतो, ते समजून घेतले तर घासाघीस करताना अवघडलेपण येत नाही. मशीनचा ताशी दर असतो, पण एका नगाच्या कामात प्रत्यक्ष कापण्याचा वेळ थोडा आणि सेटिंगचा जास्त असतो. भाग पकडायचा, सरळ करायचा, शून्य ठरवायचे, प्रोग्रॅम लिहायचा, मग उलटा करून हे सगळे पुन्हा करायचे. माझ्या पाण्याच्या तोंडाला तीन सेटिंग लागली, एक फ्लँजच्या तळासाठी, एक होजच्या टोकासाठी आणि एक तिरक्या भोकासाठी. म्हणून दोन नग करून घ्यावेत. दुसऱ्याला फक्त धातू आणि कापण्याचा वेळ लागतो, आणि पहिल्यात काही बिघडले, तर हाताशी एक राहतो. पैसे वाचवायचे असतील तर भावावरून हुज्जत घालण्यापेक्षा ‘कुठल्या बदलाने एक सेटिंग कमी होईल?’ असे विचारावे. होजच्या टोकाचा कोन बदलल्याने गाडीला फरक पडत नसेल, तर काटकोन करून एक सेटिंग वाचू शकते, आणि असा प्रश्न विचारला की समोरचा माणूस आपल्याला गिऱ्हाईक कमी आणि कामातला माणूस जास्त समजू लागतो.

काम देताना ड्रॉइंगच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर तारीख घालावी आणि एक आपल्याकडे ठेवावी. धातू कुणाचा, नग किती, कडा मारलेल्या हव्यात का, ॲनोडायझिंग कोण करून आणणार आणि तारीख काय, एवढे कागदावर लिहून घ्यावे. नंतर फोनवर सांगितलेला बदल ऑपरेटरपर्यंत पोहोचेलच, याची खात्री धरू नये. बदल असेल, तर नवे ड्रॉइंग द्यावे आणि जुने परत घ्यावे.

ॲल्युमिनियममध्ये आटे पाडायचे असतील, तर त्यांची खोली बोल्टच्या जाडीच्या दीड ते दोन पट ठेवावी, एम ८ साठी १२ ते १६ मिलिमीटर. जे बोल्ट वारंवार काढावे लागणार असतील, तिथे हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेचे आतले आटे, बसवून घ्यावेत. त्यासाठी भोक वेगळ्या मापाचे लागते, त्यामुळे हे आधीच ठरवावे.

ॲनोडायझिंग

ॲनोडायझिंगचा लेप हा बाहेरून लावलेला रंग नसतो, धातूचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदलतो. नेहमीच्या ॲनोडायझिंगमध्ये साधारणपणे दोन-तृतीयांश जाडी आत आणि एक-तृतीयांश बाहेर जाते, म्हणजे १० मायक्रॉनच्या थराने प्रत्येक पृष्ठ सुमारे ३ मायक्रॉनने वर येतो. होजच्या टोकाला याने काही होत नाही, पण बेअरिंगचे घट्ट घर बिघडू शकते, तेव्हा तिथे आणि आट्यांमध्ये बूच लावून घ्यावे. ओतीव भागात सिलिकॉन जास्त असल्याने तो चमकदार होत नाही, करडा आणि डागाळलेला दिसतो. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही. डायनॅमोचा ब्रॅकेट सगळीकडून ॲनोडाइझ केला, तर अर्थिंग तुटते आणि चार्जिंगचा दोष शोधण्यात एक रविवार जातो. टेकणाऱ्या जागा उघड्या ठेवाव्यात किंवा वेगळी अर्थ वायर द्यावी.

ताब्यात घेणे आणि बसवणे

पैसे चुकते करण्याआधी गाळ्यातच भाग तपासावा. फ्लँजचा तळ सरफेस प्लेटवर ठेवून कडेने ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी सरकते का पाहावे, भोकांमधले अंतर मोजावे, आणि शक्य असेल, तर हेडवरून काढलेला ठसा, तसेच सोबत नेलेले थर्मोस्टॅट आणि होज बसवून पाहावे. आतल्या वाटेत बोट घालून धातूचे बुरे राहिले नाहीत ना, याची खात्री करावी, कारण एक सुटलेला बुरा वॉटर पंपापर्यंत जातो.

घरी आल्यावर भाग साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने धुवावा. हेडवरचा जुना गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने किंवा बोथट पात्याने खरवडावा, पटाशीने नाही, कारण तिथेही ॲल्युमिनियमच आहे. नवा गॅस्केट लावून दोन्ही बोल्ट आधी हाताने पूर्ण आत जातात का पाहावे, मग आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोरापर्यंत, आवळावेत. बोल्टांना जॅम न होण्याचा ग्रीस लावला असेल, तर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताण देतो, म्हणून थोडे कमीच आवळावे. मात्र तो ग्रीस लावावा हे नक्की, कारण स्टील आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले, की ॲल्युमिनियम झिजते आणि चार पावसाळ्यांनी बोल्ट जागेवरून हलत नाही.

जुना भाग मुळात का खराब झाला, तेही पाहावे, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. लोखंडाचा ब्लॉक, तांबे-पितळेचा रेडिएटर आणि ॲल्युमिनियमचे तोंड एकाच पाण्यात असतात, आणि त्या पाण्यात क्षार असले तर त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, तिची किंमत ॲल्युमिनियम मोजते. आपल्याकडे उन्हाळ्यात इंजिन तापले की नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय जुनी आहे. नवा भाग बसवण्याआधी रेडिएटर आणि ब्लॉक धुऊन घ्यावा, आणि गंजरोधक असलेला कूलंट खनिजमुक्त पाण्यात मिसळून भरावा.

इंजिन पूर्ण तापवून, थंड होऊ देऊन, बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कला आणावेत, कारण गॅस्केट दबतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर जोडाखाली कोरडा कागद फिरवून ओल आहे का पाहावी, आणि हिरवट डाग दिसला तर आवळत सुटण्याऐवजी फ्लँज काढून त्याचा तळ पुन्हा तपासावा. दुसरा नग तेल लावलेल्या कागदात गुंडाळून, शेवटच्या दुरुस्त ड्रॉइंगची प्रत आणि ज्या मापाचा होज व थर्मोस्टॅट लावला त्याची चिठ्ठी त्यासोबत घालून, गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा.